कृष्णा रेड्डी : अमूर्त मुद्राचित्र आणि निसर्ग यांचे नाते

मुद्राचित्रण, म्हणजे घडवलेल्या पाटीला शाई लावून तिचा ठसा कागदावर छापण्याची कला, शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा : झाड, पाणी, दगड यांची रेखाटने करायची आणि त्यांतला तपशील कमी करत न्यायचा, म्हणजे अमूर्त मुद्राचित्र तयार होते, असे तिला सांगण्यात आले आहे, ती तसे करतेही, पण शेवटी कागदावर नुसती नक्षी उरते, निसर्ग उरत नाही. मग अडते कुठे? दुसरा प्रश्न असा : केवळ मुद्राचित्रणाच्या, आणि त्यातही अमूर्त मुद्राचित्रणाच्या, आधारावर एखाद्या कलावंताने जन्मभराचे काम कसे उभे केले असेल? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मी कृष्णा रेड्डी यांच्या कामाच्या आधारे देतो. भारतात जन्मलेल्या मुद्राचित्रकारांपैकी निसर्गाचा इतका खोल विचार धातूच्या पाटीवर दुसऱ्या कोणी केलेला मला दिसत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. रेड्डींच्या चित्रांत निसर्ग येतो तो पाटी घडवण्याच्या रीतीतून. लाट कशी दिसते, यापेक्षा ती कशी उठते, बी कसे फुटते, पाण्याचा भोवरा कशाच्या ओढीने फिरतो, हे त्यांनी पाहिले. आणि धातू, आम्ल, तेल व शाई यांच्याकडून तशाच ओढीने, तशाच दाबाने काम करून घेतले. विद्यार्थिनीला शिकवलेली रीत वजाबाकीची आहे. झाडातून पाने वजा केली, मग फांद्या वजा केल्या, की जे उरते तो झाडाचा सांगाडा असतो. झाड वाढते कसे, याचा त्यात पत्ताच नसतो. रेड्डी उलट्या टोकाकडून निघतात, म्हणून त्यांच्या 'वेव्ह' (लाट) या चित्रामध्ये लाटेची बाह्यरेषा शोधू गेल्यास सापडत नाही, तरी ते चित्र लाटेचे आहे याविषयी शंका येत नाही.

ही दृष्टी आली कुठून, हे त्यांच्या शिक्षणात पाहता येते. त्यांचा जन्म १९२५ सालचा, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील चित्तूर जिल्ह्यातल्या नंदनूर या खेड्यातला. १९४१ च्या सुमारास ते शांतिनिकेतनात दाखल झाले आणि तिथल्या कलाभवन या कलाशाळेत चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आणि शिल्पकार रामकिंकर बैज हेही त्या काळात तिथे होते. त्या वेळच्या शांतिनिकेतनात निसर्गाचे निरीक्षण हा वेळापत्रकातला एक तास नव्हता, तो राहण्याचाच भाग होता. वर्ग झाडांखाली भरत, वृक्षारोपण आणि हलकर्षण (नांगरणी) हे तिथले उत्सव होते, आणि बिरभूमची लाल, पावसाने चिरत गेलेली माळरानाची जमीन दारातच होती. नंदलालबाबूंचा आग्रह असा, की विद्यार्थ्याने बाहेर पडावे, एका वनस्पतीपाशी बसावे आणि तिचा जोम कुठून कुठे जातो हे ओळखल्यावरच ब्रश टेकवावा. आपल्याकडच्या अनेक कलाशाळांत निसर्गचित्रण म्हणजे दृश्याची जलरंगातली नोंद असे समीकरण होऊन बसले आहे. तेही मोलाचे शिक्षण आहे, पण त्यातून मिळणारी नजर वेगळी असते, आणि अमूर्ताकडे वळताना हा फरक फार जाणवतो.

पुढे मद्रासला कलाक्षेत्र या नृत्य-संगीताच्या संस्थेत त्यांनी कलाविभाग सांभाळला. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांशी त्यांचा जवळचा परिचय होता. समोरच्या गोष्टीला नाव न देता, तिच्याविषयी आधी मत न बनवता तिच्याकडे पाहत राहणे, हा जो कृष्णमूर्तींच्या बोलण्यातला मध्यवर्ती धागा, तो रेड्डींच्या कामात सरळ उतरलेला दिसतो. ज्याला आपण घाईने 'पान' म्हणतो, त्याच्याकडे शब्द बाजूला ठेवून पाहिले तर शिरा, पेशी, कडेचा ताण, प्रकाशाकडे वळणे अशा अनेक हालचाली एकाच वेळी दिसू लागतात. रेड्डींची चित्रे त्या हालचालींनी भरलेली आहेत.

१९५० नंतर ते युरोपात गेले. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये त्यांनी शिल्पकलेचा अभ्यास केला, तिथे हेन्री मूर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पॅरिसमध्ये ओसिप झादकीन यांच्याकडे आणि नंतर मिलानच्या ब्रेरा अकादमीत मारिनो मारिनी यांच्याकडे ते शिकले. ही तिन्ही नावे शिल्पकारांची आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. रेड्डी मुद्राचित्रणाकडे चित्रकाराच्या वाटेने आले नाहीत. धातूची पाटी त्यांच्या दृष्टीने रेषा ओढण्याचा पृष्ठभाग नव्हती, ते एक उथळ शिल्प होते. आणि कागद हा त्या शिल्पाचा ठसा होता. त्यांच्या संपूर्ण तंत्राची मुळे या एका जाणिवेत आहेत.

पॅरिसमध्ये त्यांना जी जागा सापडली ती 'आतलिये १७'. स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी ही कार्यशाळा १९२७ साली सुरू केली होती. हेटर यांचे औपचारिक शिक्षण रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे होते, आणि कार्यशाळेचा स्वभावही प्रयोगशाळेचा होता : कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही, एकाला काही उमगले की ते सगळ्यांचे. १९५० च्या दशकात इथेच रेड्डी आणि कैको मोती यांनी व्हिस्कॉसिटी पद्धत, म्हणजे शायांच्या कमीअधिक घट्टपणावर चालणारी रंगीत छपाईची पद्धत, आकाराला आणली. कैको मोती मुंबईचे, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले, मराठी वाचकांनी हे नाव जितके लक्षात ठेवायला हवे तितके ठेवलेले नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

ही पद्धत नीट समजल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो. त्याआधी रंगीत एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पाटीवरचे मुद्राचित्र) छापायचे तर साधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळी पाटी करावी लागे आणि कागद एकावर एक अनेकदा प्रेसमधून काढावा लागे. व्हिस्कॉसिटी पद्धतीत पाटी एकच असते आणि कागद प्रेसमधून एकदाच जातो. त्यासाठी पाटीला निरनिराळ्या खोलीच्या पातळ्या द्याव्या लागतात. जस्ताच्या पाटीचा काही भाग वॉर्निशने झाकून तिला नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवतात, मग आणखी काही भाग झाकून पुन्हा ठेवतात, असे करत पठार, उतार आणि दरी तयार होते. रेड्डी एवढ्यावर थांबत नसत. ब्युरिन (धातूत रेषा कोरायचे टोकदार हत्यार), स्क्रेपर (धातू खरवडायचे हत्यार) आणि विजेवर चालणारी कोरण्याची हत्यारे घेऊन ते पाटी शिल्पासारखी कोरत, घासत आणि गोलवत.

आता शाई. सगळ्यांत आधी घट्ट शाई पाटीवर चोळून जाळीदार कापडाने पुसतात, म्हणजे ती फक्त खोल रेषांत आणि खड्ड्यांत उरते. त्यानंतर एका शाईत जवसाचे तेल जास्त घालून ती पातळ करतात आणि कडक रबराच्या रोलरने फिरवतात; कडक रोलर दबत नाही, त्यामुळे ही शाई केवळ वरच्या पठारावर लागते. मग तिसरी शाई, तेल जवळजवळ न घातलेली, चिवट, ती मऊ रोलरने फिरवतात. मऊ रोलर दाबाखाली खालच्या पातळीपर्यंत उतरतो आणि तिथे रंग ठेवतो. वर मात्र आधीची तेलकट शाई असल्यामुळे तिथे ही चिवट शाई धरतच नाही. दोन रंग एकमेकांना खेटून राहतात, पण मिसळत नाहीत. याउलट घट्ट शाईवर पातळ शाई फिरवली तर ती तिच्यावर बसते आणि दोहोंचा मिळून तिसराच रंग दिसतो. कुठे नकार घडवायचा आणि कुठे मिलाफ, हे तेलाचे प्रमाण, रोलरचा कडकपणा आणि हाताचा दाब यांवर ठरते.

कार्यशाळेत याची परीक्षा काचेवरच होते. काचेवर पातळ शाईचा एक पट्टा ओढायचा आणि त्यावरून आडवा, दुसऱ्या शाईचा रोलर न्यायचा. जिथे दोन पट्टे एकमेकांना ओलांडतात त्या चौकोनाकडे वाकून पाहायचे : दुसरी शाई तिथे तुटली असेल, खालचा रंग स्वच्छ उरला असेल, तर प्रमाण जमले. चौकोन गढूळ झाला असेल तर वरच्या शाईत थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळून ती घट्ट करायची किंवा खालच्या शाईत तेलाचे आणखी काही थेंब सोडायचे. रोलरच्या आवाजावरूनही सरावलेल्या माणसाला बरेच कळते. चिवट शाई काचेवरून सुटताना चरचरते, तेलकट शाई गप्प असते. रोलरचा घेर एवढा हवा, की एका फेरीत सगळी पाटी पार व्हावी, नाहीतर दुसऱ्या फेरीची कड चित्रात आडवी दिसते. हवामानाचाही यात वाटा असतो : उन्हाळ्यात तीच शाई सैल पडते आणि थंडीत ओढ खाते, म्हणून एका मोसमात लिहून ठेवलेले तेलाचे प्रमाण दुसऱ्या मोसमात जसेच्या तसे चालत नाही.

तेलकट शाई चिवट शाईला दूर सारते, आम्ल धातूच्या कमजोर जागी आधी शिरते, भिजवलेला कागद दाबाखाली खड्ड्यात उतरतो आणि तळाची शाई उचलून आणतो. यांतली एकही गोष्ट कलावंताची कल्पना नाही, हे पदार्थांचे धर्म आहेत. पाणी ज्या नियमांनी वाहते, माती ज्या नियमांनी झिजते, त्यांच्याच जातीचे हे नियम आहेत. रेड्डींनी त्यांच्यावर मात करण्याचा प्रयत्न केला नाही, त्यांच्या कलाने काम केले. म्हणून त्यांच्या पाटीवर जे घडते ते निसर्गाचे अनुकरण वाटत नाही, ती निसर्गाचीच एक लहानशी घटना वाटते. अमूर्त मुद्राचित्र आणि निसर्ग यांच्यातले खरे नाते मला इथे दिसते.

आता दोन चित्रे जवळून पाहू. 'व्हर्लपूल' (भोवरा) आणि 'वेव्ह' ही दोन्ही १९६३ ची. 'व्हर्लपूल'मध्ये एका मध्याभोवती बारीक रेषांचे आणि खाचांचे जाळे फिरत जाते. मध्याशी घरे लहान आणि दाट, बाहेर जाताना मोठी आणि सैल. ही घरे आखून काढलेली नाहीत, शेजारच्या घराने जेवढी जागा सोडली तेवढीच पुढच्याने घेतली आहे, त्यामुळे ओढ सगळीकडे सारखी जाणवते. रंग सलग पसरत नाही. घराच्या कडेवर एक, उतारावर दुसरा आणि तळाशी तिसरा, असे रंगाचे सूक्ष्म कण शेजारी शेजारी बसतात आणि डोळा त्यांची जुळणी करतो. जरा दूर गेले की पाण्याचा झोत दिसतो; कागदाशी डोळा नेला की पुन्हा दाणे. 'वेव्ह'मध्ये हेच जाळे फिरण्याऐवजी चढते आणि मोडते. लाटेचे पाणी पुढे धावत नसते, धावतो तो जोर, हे भौतिकशास्त्रातले सत्य त्या चित्रात हातांनी कोरलेले आहे.

१९५२ च्या 'फिश' आणि 'इन्सेक्ट' या आधीच्या कामांशी ताडून पाहिले तर या अकरा वर्षांतला प्रवास कळतो. तिथे प्राणी अजून ओळखू येतो, पार्श्वभूमी आणि आकृती वेगळ्या काढता येतात. १९६३ पर्यंत पार्श्वभूमी नाहीशी झाली आहे, सगळी पाटी एकाच घटनेत सामील आहे. हा बदल तपशील गाळत गेल्याने झालेला नाही. उलट तपशील वाढलेला आहे. विद्यार्थिनीने दोन्ही टप्प्यांतली चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, असा माझा आग्रह आहे.

या दृष्टीची ताकद मला सर्वांत जास्त जाणवते ती 'डेमॉन्स्ट्रेटर्स' (निदर्शक) या चित्रामध्ये. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचे जे आंदोलन उसळले, त्यातून हे चित्र आले. विषय माणसांचा, राजकारणाचा. पण घडण तीच, लाटेची. हात वर केलेल्या आकृती एकमेकींतून उगवत जातात आणि एका माणसाचा जोर दुसऱ्यात जातो. निसर्गाकडून शिकलेली गोष्ट माणसांच्या गर्दीला लावता येते, आणि तरी गर्दी गर्दीच राहते, हे दाखवणारे इतके प्रामाणिक चित्र मला दुसरे आठवत नाही. १९८१ च्या 'ग्रेट क्लाउन'मध्येही सर्कशीतला विदूषक रिंगणाच्या वर्तुळाकार ओढीत असाच गुंफलेला आहे, आणि त्या एका पाटीवरून त्यांनी रंगांची असंख्य रूपे छापली. छपाईच्या वेळी शाईचा क्रम आणि घट्टपणा बदलला की चित्राचा मोसमच बदलतो. एकच पाटी पहाटही देते आणि वणवाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. व्हिस्कॉसिटी पद्धत आपल्याकडे लोकप्रिय झाली ती तिच्या रंगांमुळे. उथळ पाटी, तीन भडक शाया आणि झटपट मिळणारी इंद्रधनुषी झाक, असे कितीतरी काम प्रदर्शनांत दिसते. त्यात रंग आहे, पण त्या रंगाला उभे राहायला जमीन नाही. रेड्डींच्या चित्रात रंग पाटीच्या चढउतारातून निघतो. चढउतारच नसतील तर रंग वरून टाकल्यासारखा दिसतो. या तंत्राविषयी त्यांनी १९८८ मध्ये इंग्रजीत जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातही पदार्थ आणि प्रक्रिया यांच्या अर्थावर भर आहे.

आता दुसरा प्रश्न, वाटचालीचा. रेड्डींची कारकीर्द एखाद्या दालनाने वर आणलेल्या चित्रकाराची नाही, कार्यशाळेत वाढलेल्या माणसाची आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते आतलिये १७ चे सहसंचालक झाले. जगभरातून येणाऱ्या तरुण कलावंतांना पाटी घडवायला त्यांनी तिथे शिकवले. मुद्राचित्रकार झरीना हाश्मी याही त्या दशकात याच कार्यशाळेत शिकल्या. १९७२ मध्ये भारत सरकारने रेड्डींना पद्मश्री दिली. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात मुद्राचित्रण विभागाची जबाबदारी त्यांनी घेतली. १९८१ मध्ये ब्रॉन्क्स म्युझियममध्ये त्यांच्या कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले. २०१६ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने हेटर, रेड्डी आणि झरीना या तिघांचे काम एकत्र मांडले, तेव्हा एका कार्यशाळेतून तीन किती भिन्न वृत्ती घडल्या हे लोकांना दिसले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी ते गेले.

या वाटचालीतून घेण्याजोगे असे, की मुद्राचित्रकाराला प्रेस लागतो, आम्लाची सुरक्षित जागा लागते आणि पाटीवर मत देणारी सोबत लागते. ही साधने एकट्याने उभी करणे खर्चिक आहे, आणि एकट्याने काम करत राहिल्यास हात लवकर साचेबंद होतो. दिल्लीच्या गढी येथील ललित कला अकादमीचा स्टुडिओ, बडोद्यातील 'छाप' कार्यशाळा, भोपाळचे भारत भवन अशा ठिकाणी सामायिक व्यवस्था आहे वा घडलेली आहे. पदवीनंतर घरी परतण्याआधी अशा एखाद्या जागी काही काळ काढावा. शिकवणे हे पोटासाठी पत्करलेले दुय्यम काम आहे, असेही मानू नये. रेड्डींची पद्धत इतरांना शिकवता शिकवताच धारदार होत गेली, कारण प्रत्येक विद्यार्थ्याची पाटी हा शाईच्या वागण्याचा एक नवा दाखला होता.

विद्यार्थिनीने आता प्रत्यक्ष काय करावे, तेही सांगतो. निसर्गातली एकच क्रिया निवडावी, वस्तू निवडू नये : ओहोटीत वाळूवर उमटणाऱ्या वळ्या, सालीला पडणाऱ्या भेगा, शेवाळाचे पसरणे. तिची रेखाटने करावीतच, पण त्यांत आकाराऐवजी क्रम नोंदवावा. आधी काय झाले, कुठे अडले, अडल्यावर कोणत्या बाजूला वळले. मग पाटीवर ते रेखाटन उतरवू नये. त्याऐवजी तोच क्रम आम्लाकडून आणि हत्याराकडून करून घ्यावा. आम्लात पहिली डुबी दिल्यावर पाटी बाहेर काढून बोटांनी चाचपावी, उताराची कल्पना डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर येते. पहिले काही महिने रंगाकडे वळू नये. एकाच पाटीचे टप्प्याटप्प्याने काळ्या शाईत प्रूफ (चाचणीचे ठसे) काढावेत आणि प्रत्येकामागे आम्लाचे प्रमाण, वेळ आणि त्या दिवशीचे तापमान लिहून ठेवावे. काळ्या प्रूफमध्ये तीन पातळ्या स्वच्छ वाचता आल्या की मगच मऊ आणि कडक रोलर हातात घ्यावेत.

नायट्रिक ॲसिड जस्तावर काम करताना पाटीवर बुडबुडे धरतात. ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच सारत राहावे, नाहीतर त्यांच्याखालचा धातू आम्लाने खाल्ला न जाता ठिपके उरतात. त्या वेळी निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो, आणि तो दिसू लागला तर द्रावण जास्त तीव्र किंवा गरम झाले आहे असे समजावे. धूर खेचणारा पंखा आणि योग्य मास्क नसेल तर हे काम घरात करू नये. सुरुवात तांब्याची पाटी आणि फेरिक क्लोराइड यांनी करावी, त्यात असा धूर निघत नाही आणि चावा (धातूचे कोरले जाणे) संथ व एकसारखा पडतो. मात्र तेही कातडीला लागू देऊ नये, आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण त्यात विरघळलेले तांबे पाण्यातल्या जिवांना विषारी असते.